डेटाबेस डिझाइन: पेपरात जमतं, कारखान्याच्या वहीपुढे अडतं

रेवती_केगाव

नमस्कार मंडळी. विद्यापीठात संगणकशास्त्राच्या एमएस्सीला आहे. या सत्रात डेटाबेसचा पेपर आहे आणि त्यालाच जोडून एक प्रकल्प. पेपरची भीती नाही. आर(ए, बी, सी, डी, ई) असं रिलेशन (म्हणजे टेबल) आणि चार-पाच फंक्शनल डिपेंडन्सी (कशावरून काय ठरतं याचे नियम) दिल्या की कँडिडेट की (ओळ नेमकी ओळखणारे कॉलम) काढता येते, तिसऱ्या नॉर्मल फॉर्मला (पुनरुक्ती टाळणारी मांडणी) नेता येतं, त्याहून कडक बीसीएनएफही जमतं.

अडलंय ते प्रकल्पात. मामांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या दिवाणजींच्या वह्या घेऊन बसले. सूत आवक, बीमची (ताण्याच्या रुळांची) वही, पाळीवार उत्पादन, ऑर्डरी, बिलं, उधारी. आणि तिथं पुस्तकातलं काहीच सरळ बसेना.

डिझाइन नंबर ही प्रायमरी की (ओळ ओळखायची मुख्य खूण) धरावी म्हटलं, तर ४१२ नंबर एका पार्टीसाठी ३० बाय ६० इंच, दुसरीसाठी २७ बाय ५४. वजनही वेगळं. मामा म्हणतात, "४१२च आहे गं, फक्त तो त्यांचा ४१२." कामगाराकडे एका पाळीत दोन-तीन माग असतात, मध्येच बदली कामगार येतो, मग उत्पादन कुणाच्या नावावर? भाव कधी नगावर, कधी किलोवर. वहीत एकाच रकान्यात दोन्ही.

पुस्तकातली उदाहरणं सगळी विद्यार्थी-विषय-शिक्षक अशी गोंडस. खऱ्या धंद्याचा ईआर डायग्राम (कुठल्या गोष्टी आणि त्यांची एकमेकांशी नाती यांचा आराखडा) काढायला सुरुवात कुठून करतात?

कडकभाकरी

एवढा ताप कशाला घ्यायलीस बे. मोंगोडीबी टाक, टेबलांऐवजी डॉक्युमेंट ठेवणारा डेटाबेस. एक ऑर्डर म्हणजे एक डॉक्युमेंट. ज्याला माप आहे त्यात माप, ज्याला किलो आहे त्यात किलो. नॉर्मलायझेशन (टेबलं फोडत बसणं) वगैरे सत्तर सालचं आहे, आता कोण करतंय?

सातरस्ता

वाचतोय. माझ्या पुतण्याचाही हाच विषय आहे.

पूर्वभागातला

मूळचा पूर्व भागातला, घरी माग होते. आता पुण्यात डेटाचंच काम करतो. जरा लांबण लागेल.

रेवती, परीक्षेत डिपेंडन्सी प्रश्नातच छापून येतात. ए वरून बी ठरतो, बी-सी वरून डी. त्या आल्या कुठून, हे कुणी विचारत नाही. कारखान्यात त्या तुम्हाला कुणी देत नाही, माणसांकडून काढून घ्याव्या लागतात. नुसत्या जुन्या नोंदी चाळून त्या सिद्ध होत नाहीत, फार तर खोट्या ठरतात. वर्षभर ४१२ ला एकच माप दिसलं तरी 'डिझाइनवरून माप ठरतं' असं म्हणता येणार नाही, कारण उद्या एखादी पार्टी वेगळं माप मागेल आणि मामा 'नाही' म्हणणार नाहीत. डिपेंडन्सी म्हणजे धंद्याचा नियम. तो मामांच्या, जॉबरच्या (मागांवरच्या मुकादमाच्या) आणि दिवाणजींच्या डोक्यात असतो, आणि तिघांच्या डोक्यात एकच असेल असंही नाही.

म्हणून डायग्राम बाजूला ठेवा. प्रत्येक वही उघडा आणि एकच प्रश्न विचारा: या वहीतली एक ओळ म्हणजे नक्की काय घडलं? उत्पादनाच्या वहीत एक ओळ म्हणजे एक कामगार-एक दिवस आहे, की एक पाळी-एक माग-एक कामगार-एक डिझाइन? दुसरं असेल तर बदली कामगाराचा प्रश्न तिथंच सुटला. पाळीच्या मध्यात माणूस बदलला की दोन ओळी. पण बदलताना नग मोजतात का, हे जॉबरला विचारा. मोजत नसतील आणि 'निम्मे-निम्मे' लावत असतील, तर तो नियम अहवालात लिहून ठेवा. नाहीतर तुमचं टेबल अशी अचूकता दाखवेल जी कारखान्यात नाहीच.

४१२ चं उत्तर मामांनीच दिलंय. 'त्यांचा ४१२' म्हणजे डिझाइन ही एक गोष्ट (नक्षी, जॅकार्डची पट्टी) आणि 'पार्टीचा माल' ही दुसरी (पार्टी, डिझाइन, माप, वजन, रंग). दोन टेबलं. ऑर्डरची ओळ दुसऱ्याला जोडायची, पहिल्याला नाही. आणि दुसऱ्या टेबलाला अर्थ नसलेला साधा अनुक्रमांक की म्हणून द्या, शिवाय पार्टी-डिझाइन-माप-वजन-रंग यावर युनिक कन्स्ट्रेंट (तेच सगळं दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) ठेवाच. नुसता अनुक्रमांक ठेवून ते कन्स्ट्रेंट विसरलं की एकच माल दोनदा घुसतो आणि डेटाबेस काही बोलत नाही. नोकरीला लागलेल्या पोरांमध्ये हे मी सर्रास बघतो.

कडकभाकरी, सत्तर सालचं आहे हे खरं. एडगर कॉडचा तो निबंध जून १९७० चाच, तेव्हा ते आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत होते. पण त्यांचं दुखणं तुमच्या डॉक्युमेंटसारखंच होतं. त्या काळचे डेटाबेस झाडाच्या आकाराचे होते, आयबीएमचंच आयएमएस तसलं. ऑर्डरच्या पोटात माल ठेवला, की 'हा माल कुणाकुणाच्या ऑर्डरीत आहे' हे विचारताना सगळी झाडं हलवावी लागायची. कॉडचं म्हणणं एवढंच की डेटा ठेवायचा कसा हे प्रोग्रॅमला माहीतच असू नये. आयबीएमला ते पटवायला वेळ लागला. ओरॅकलने एसक्यूएल या टेबलांना प्रश्न विचारायच्या भाषेवर चालणारं उत्पादन १९७९ मध्ये बाजारात आणलं, खुद्द आयबीएमचं आलं १९८१ ला.

कडकभाकरी

इतिहास भारी, पण मोंगोमध्ये पण जोडणी करता येते की आता.

पूर्वभागातला

येते. २०१८ पासून अनेक डॉक्युमेंटांवर एकत्र ट्रॅन्झॅक्शनही (सगळे बदल होतील, नाहीतर एकही नाही) करता येते, स्कीमा (डेटाचा ठरलेला साचा) तपासायची सोयही आहे. उलट टेबलांवर चालणारं पोस्टग्रेस २०१४ पासून जेसनबी, म्हणजे डॉक्युमेंटसारखा डेटा, घेतं. दोघं एकमेकांकडे सरकत आलेत. म्हणून 'कुठलं घेऊ' या प्रश्नाने सुरुवात करू नये असं माझं मत. 'एक ओळ म्हणजे काय' हे मोंगोमध्येही ठरवावंच लागतं, फक्त तिथं न ठरवता पुढं जाता येतं आणि सहा महिन्यांनी किलो-नगाचा घोळ रिपोर्टात दिसतो.

वर्गाबाहेर

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात हाच विषय शिकवते. 'गोंडस उदाहरणं' हा टोमणा बसला, आणि तो बराचसा रास्त आहे. पण तिसरा नॉर्मल फॉर्म आणि बीसीएनएफ यांतला फरक तुमच्या कारखान्यातच सापडेल, बघा.

समजा नियम असा: एक जॉबर एकाच डिझाइनचे माग बघतो, पण एका डिझाइनला दोन-तीन जॉबर असू शकतात. आणि एखादा कामगार एखाद्या डिझाइनवर असेल तर त्या डिझाइनपुरता त्याचा जॉबर ठरलेला. टेबल (कामगार, डिझाइन, जॉबर). डिपेंडन्सी दोन: कामगार आणि डिझाइन मिळून जॉबर ठरतो, आणि नुसत्या जॉबरवरून डिझाइन ठरतं. कँडिडेट कीही दोन निघतात: कामगार-डिझाइन आणि कामगार-जॉबर. तिन्ही कॉलम कुठल्या ना कुठल्या कीमध्ये आहेत, म्हणून तिसरा नॉर्मल फॉर्म पूर्ण. पण जॉबर एकटा की नाही आणि तरी त्यावरून डिझाइन ठरतं, म्हणून बीसीएनएफ मोडतो.

फोडा आता: (जॉबर, डिझाइन) आणि (कामगार, जॉबर). जोडलं की मूळ टेबल जसंच्या तसं मिळतं, माहिती हरवत नाही. पण 'एका कामगाराला एका डिझाइनवर एकच जॉबर' हा नियम आता एकाही टेबलात बसून तपासता येत नाही. कामगाराला दोन जॉबर लावा, दोघंही ४१२ बघणारे. दोन्ही टेबलं तक्रार करणार नाहीत. 'डिपेंडन्सी प्रिझर्व्हेशन' म्हणून पोरं पाठ करतात ती गोष्ट ही. अशा जागी मी तिसऱ्या नॉर्मल फॉर्मवर थांबायला सांगते. तोंडी परीक्षेत 'बीसीएनएफपर्यंत का नेलं नाही' असं विचारलं तर हेच उत्तर द्या, परीक्षक खूश होतात. निदान मी होते.

ईआर डायग्रामबद्दल: पीटर चेन यांचा तो निबंध १९७६ चा, म्हणजे कॉडनंतरचा. तो माणसांशी बोलायला आहे. मामांना दाखवता येत नसेल तर तो काढण्यात अर्थ नाही. मामांना हिरे आणि लंबगोल दाखवू नका, चौकोन आणि रेघा पुरतात. "एका ऑर्डरीत अनेक माल, एक माल अनेक ऑर्डरींत" हे वाचून दाखवा आणि त्यांना 'नाही, नाही' म्हणू द्या. प्रत्येक 'नाही' म्हणजे एक नियम हाती लागला.

दिवाणजी_काका

आमच्यावर चर्चा चाललेली बघून खातं उघडलं. मी दुसऱ्या कारखान्यात होतो, आता निवृत्त. मुली, तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. वहीत एकाच रकान्यात किलो आणि नग लिहिलेले दिसतात तिथं शाईचा रंग किंवा खालची रेघ बघ. आम्ही किलोच्या खाली रेघ मारायचो. तुझ्या मामांच्या दिवाणजींची काहीतरी खूण असेलच. विचारल्याशिवाय सांगणार नाहीत, कारण त्यांना ती खूण वाटतच नाही.

दुसरं. मजुरीचा दर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो आणि तो बदलला की खोडून वर नवा लिहितात. ते खोडलेलं पान उतरवून घे. मागच्या पाळीचा हिशेब जुन्या दराने होतो.

रेवती_केगाव

काका, दंडवत! आज विचारलं. ते किलोला आकड्याभोवती गोल करतात. मी ते गोल सोडूनच आकडे उतरवत होते.

पूर्वभागातला

काकांच्या दुसऱ्या मुद्द्यात अख्खा धडा आहे. दर हा कामगाराच्या किंवा डिझाइनच्या टेबलातला कॉलम करू नका. वेगळं टेबल: काय काम, दर, कधीपासून लागू. पाळीच्या तारखेला जो लागू होता तो घ्यायचा.

जीएसटीचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ ला दरांचे टप्पे बदलले तेव्हा कितीजणांच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या टेबलात दर होता आणि तो बदलताच जुनी बिलं उघडल्यावर नव्या दराने दिसू लागली. बिलाच्या ओळीत त्या दिवशीचा दर आणि रक्कम लिहूनच ठेवायची. इथं काही पोरं म्हणतात, 'सर, ही तर पुनरुक्ती, नॉर्मलायझेशन मोडलं.' मोडत नाही. 'मालाचा आजचा दर' आणि 'या बिलात लावलेला दर' ही दोन वेगळी विधानं आहेत, आज योगायोगाने सारखी आहेत इतकंच.

नवीपेठ_४१३००१

माझं कापड दुकान. एक प्रश्न. पार्टीला जीएसटी नंबरच की करून टाकला तर? तो तर एकाचा एकच असतो.

पूर्वभागातला

मोह होतो, पण नको. तो पंधरा अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरं पॅन, शेवटचं तपासणीचं. एकाच पॅनवर दोन राज्यांत दोन नंबर असू शकतात, म्हणजे 'पार्टी' तुम्ही कुणाला म्हणता ते आधी ठरवा. उधारी माणसाची की नोंदणीची? आणि बिननोंदणीच्या छोट्या दुकानदाराला नंबरच नाही, तिथं नल (रिकामी नोंद) येणार. प्रायमरी कीला नल चालत नाही. तो कॉलम युनिक ठेवा, नल चालेल असा. पोस्टग्रेसमध्ये युनिक कॉलमात अनेक नल बसतात, प्रमाण वागणूक तीच.

नल लई बेरकी गोष्ट आहे. 'राज्य २७ नाही अशा पार्ट्या द्या' म्हटलं की ज्यांचं राज्यच भरलेलं नाही त्या गायब. ते 'नाही' पण नाहीत आणि 'हो' पण नाहीत.

पंढरीचा

आमच्याकडं साखर कारखान्यात ऊस नोंदणीचं काम. तुमच्या टॉवेलाइतकंच गुंतागुंतीचं, म्हणून लिहितो. जिल्ह्यात कुणाला प्रकल्प करायचा असेल तर याच्याइतका समृद्ध विषय नाही.

शेतकरी, त्याचे जमिनीचे गट, प्रत्येक गटातली लागण (तारीख, उसाची जात, क्षेत्र), मग तोडणी, मग काट्यावरची पावती. एक ओळ म्हणजे एक खेप. गंमत गट नंबरात आहे. तो गावापुरताच एकमेव, म्हणून की गाव आणि गट मिळून. आणि गावाच्या नावावर विसंबायचं नाही, एकाच नावाची गावं वेगवेगळ्या तालुक्यांत सापडतात आणि आपल्या जिल्ह्यात तालुके अकरा. सरकारचे गावांचे कोड आहेत, ते घ्या. पुढं भावाभावांत वाटणी होते, गटाचे पोटहिस्से पडतात. मागच्या हंगामात जो एक होता तो यंदा तीन. जुनी पावती कुठल्या गटाला दाखवणार? आम्ही गटाला 'कधीपासून-कधीपर्यंत' लावतो आणि नवा कुठून फुटला तेही ठेवतो.

जात लिहिताना को ८६०३२ हे लोक किती प्रकारे लिहितात ते बघाच एकदा. शून्यआठसहा, ८६-०३२, सीओ, को, नुसतं बत्तीस. जातीचं वेगळं टेबल आणि निवडायची यादी. हातानं लिहायला जागाच ठेवायची नाही.

वर्गाबाहेर

पंढरीचा, तुमचा हा प्रतिसाद पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवणार. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) म्हणजे काय हे 'नुसतं बत्तीस'ने जितकं कळेल तितकं माझ्या फळ्यावरून कळत नाही.

शमशाद_विजापूरवेस

नावांचं कुणी बोललं नाही. सोलापुरात माणूस तेलुगू घरातला, शाळेत मराठी, दुकानात कन्नड, शेजार उर्दू. एका बँकेच्या कामासाठी याद्या जुळवत होतो. एकच नाव चार ठिकाणी चार प्रकारे. नरसय्या, नरसैय्या, नर्सय्या. आणि उलट, एकाच पेठेत श्रीनिवास नावाचे वडील-आडनावासकट जुळणारे वेगळे इसम. नाव ही की तर नाहीच, शोधायलाही एकट्या नावावर भागत नाही.

त्यात जुना डेटा देवनागरी दिसणाऱ्या पण युनिकोड नसलेल्या फाँटात. फाँट काढला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो आधी बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

पूर्वभागातला

शमशादभाईंना जोड. मायएसक्यूएल वापरणार असाल तर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ घ्या. नुसतं यूटीएफ८ म्हणून जे तिथं होतं ते अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी तीन बाइटांत बसते, त्यामुळे चाचणीत सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या ग्राहकाने शेऱ्यात इमोजी टाकली की एरर. लांबी ठरवतानाही हात सैल ठेवा. 'क्षी' आपल्याला एक अक्षर, युनिकोडला चार चिन्हं.

'ऱ' तर दोन प्रकारे टाइप होतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला एक, शोधताना दोन. साठवण्याआधी एकाच रूपात आणून घ्या.

सातरस्ता

पुतण्या विचारतोय, एक्सेलमध्येच केलं तर काय बिघडलं? त्याच्या कॉलेजात अर्धे प्रकल्प तसेच असतात म्हणे.

नवीपेठ_४१३००१

माझं दुकान एक्सेलवरच चालतं हो. 😀 मोबाइल नंबर, बारकोड, सगळं.

वर्गाबाहेर

दुकान चालतं, विषय शिकता येत नाही. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे छोट्या धंद्याला आकाराची अडचण येत नाही. अडचण ही की पार्टी खोडली तर तिच्या ऑर्डरींचं काय करायचं हे एक्सेल विचारत नाही. डेटाबेस अडवतो. तो अडवतो तेव्हाच काहीतरी शिकायला मिळतं.

मात्र ज्यांना वाटतं डेटाबेस घेतला की तो आपोआप अडवेल, त्यांच्यासाठी: एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीला प्राग्मा ही आज्ञा देऊन चालू करावी लागते. आणि मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट लिहिलं तर ते निमूट वाचून सोडून द्यायचं. लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर पोरं 'नग शून्याहून जास्त' लिहितात, उणे नग घालतात, ते जातात, आणि पोरांना वाटतं वाक्य चुकलं. आधी आवृत्ती बघा.

रेवती_केगाव

आमच्या लॅबमध्ये तेच झालेलं! कळलं आता. मी घरी पोस्टग्रेस टाकलंय.

नवा प्रश्न. मामांना एकच रिपोर्ट हवाय, पार्टीवार उधारी, तारखेच्या क्रमानं. मैत्रीण म्हणते सगळ्या कॉलमांवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाक, वेग येईल.

पूर्वभागातला

मामांच्या धंद्याच्या आकाराला इंडेक्स नसला तरी फरक पडणार नाही. पण प्रकल्प आहे तर समजून टाका. हा रिपोर्ट पार्टीने शोधतो आणि तारखेने लावतो, म्हणून एकच जोड इंडेक्स (पार्टी, तारीख), याच क्रमात. उलटा क्रम ठेवलात तर एका पार्टीच्या नोंदी सगळ्या तारखांमध्ये विखुरतात. टेलिफोनच्या जुन्या जाड पुस्तकात आडनाव आधी, नाव मग. नुसत्या नावाने शोधून बघा, तेच.

सगळ्या कॉलमांवर टाकलं की प्रत्येक नोंदीला तेवढे इंडेक्स दुरुस्त करावे लागतात, लिहिणं मंदावतं. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीच्या कॉलमावर इंडेक्स आपोआप पडत नाही, तो मात्र स्वतः टाका. आणि एक्सप्लेन अॅनलाइज (शोध कसा घेतला हे दाखवणारी आज्ञा) चालवून आउटपुट अहवालात लावा. छोट्या टेबलावर पोस्टग्रेस इंडेक्स असूनही सरळ सगळं टेबल वाचेल. घाबरू नका, तेच स्वस्त पडतं म्हणून. नकली दोन-तीन लाख ओळी भरून पुन्हा चालवा, योजना बदललेली दिसेल.

रक्कम न्यूमेरिकमध्येच (अचूक दशांश), फ्लोटमध्ये (अंदाजी) नाही. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला ४ उरतो. उधारीच्या बेरजेत पैशांचा फरक आला की दिवाणजी संगणक बंद करून वही उघडतात. बरोबरच करतात.

दिवाणजी_काका

शंभर टक्के.

आणि लाईट गेली तर? एमआयडीसीत काय होतं ठाऊक आहे सगळ्यांना. वही लाईटीवर चालत नाही.

पूर्वभागातला

काका, रास्त शंका. चांगला डेटाबेस बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो, तो डिस्कवर पोचल्यावरच 'झालं' म्हणतो, आणि टेबलाची पानं मागून सावकाश बदलतो. लाईट आल्यावर लॉग वाचतो. पूर्ण झालेले व्यवहार लावून घेतो, अर्धवट राहिलेले सोडून देतो. बिलाचं डोकं लिहिलं आणि ओळी लिहिताना लाईट गेली, तर डोकंसुद्धा राहत नाही, फक्त ते दोन्ही एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये घातलेलं हवं. रेवतीने हे करून दाखवलं तर मला वाटतं अर्धे गुण तिथंच. ट्रॅन्झॅक्शन चालू करायची, दोन ओळी घालायच्या, प्रोसेस मारून टाकायची, परत उघडून दाखवायचं.

डिस्कच गेली तर लॉग कामाचा नाही. तिथं बॅकअप, आणि तो दुसऱ्या जागी. बॅकअप घेतला म्हणणारे पुष्कळ, तो परत उतरवून बघणारे कमी.

शमशाद_विजापूरवेस

रेवती, कामगारांच्या नोंदीत आधार नंबर आहेत का? असतील तर कॉलेजच्या अहवालात त्याचा स्क्रीनशॉट जाऊ देऊ नको. आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्पाच्या फायली पडलेल्या असतात, कुणाचंही काहीही दिसतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी त्या माणसांनी त्यांचा नंबर मजुरीसाठी दिलाय, तुझ्या पदवीसाठी नाही.

नकली डेटा बनव. आणि खरा विचार कर की पाळीच्या हिशेबाला आधार लागतो तरी कुठं. लागत नसेल तर कॉलमच नको.

रेवती_केगाव

आहेत, मामांच्या फायलीत. कॉलम काढून टाकला. नावंही नकली घेतेय.

आतापर्यंतची टेबलं अशी: पार्टी, डिझाइन, पार्टीचा माल, ऑर्डर, ऑर्डर ओळ (नग की किलो यासाठी वेगळा कॉलम, चेकसह), माग, कामगार, जॉबर, पाळी नोंद, मजुरी दर, बिल, बिल ओळ, जमा. बीम आणि सूत पुढच्या टप्प्यात, आमच्या मॅडमनी चालेल म्हटलंय. डायग्राम मामांना वाचून दाखवला. त्यांनी 'नाही' म्हटलेल्या जागांमध्ये सगळ्यात मोठी ही: मी धरलं होतं की एका ऑर्डरीचं एक बिल. माल तयार होईल तसा जातो, एका ऑर्डरीची तीन बिलं, आणि कधी दोन ऑर्डरींचा माल एकाच बिलात. आता बिल ओळ ऑर्डर ओळीला जोडलीय, बिल ऑर्डरीला नाही.

एक राहिलं. माल परत येतो. डाग पडला, वजन कमी भरलं. परतीचं वेगळं टेबल करू की बिलातच उणे नगाची ओळ टाकू?

कडकभाकरी

डॉक्युमेंटमध्ये 'परत: खरं' टाकलं असतं तर... बरं गप बसतो. 😅

वर्गाबाहेर

मूळ बिलाला हात लावायचा नाही एवढं नक्की. मी वेगळं टेबल करायला सांगेन: परत ओळ, तिला मूळ बिल ओळीची फॉरेन की, कारण, तारीख. बिल ओळीवरचं 'नग शून्याहून जास्त' हे चेक शाबूत राहतं.

दिवाणजी_काका

आम्ही क्रेडिट नोट काढायचो, तिला स्वतःचा नंबर, स्वतःची वही. पण एक बघ. पार्टी पुष्कळदा कुठल्या बिलातला माल ते सांगत नाही. तीन बिलांतला मिळून एक गठ्ठा पाठवते आणि फोनवर म्हणते, "घ्या सांभाळून."

पूर्वभागातला

मग मूळ बिल ओळीची ती फॉरेन की नल चालेल अशी ठेवावी लागणार, आणि पार्टीच्या मालाची मात्र सक्तीची. मॅडम, पटतंय का?

वर्गाबाहेर

नल ठेवला की 'परत आलेले नग विकलेल्याहून जास्त नसावेत' हे बिलवार तपासता येणार नाही, पार्टी-मालवार एकूण बेरजेवर ट्रिगरने (नोंद होताना आपोआप चालणाऱ्या तपासणीने) तपासावं लागेल. मला अजून मूळ बिल सक्तीचं हवंय, क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा संदर्भ असला की जीएसटीचा मेळ लावणंही सोपं जातं. रेवती, मामांना विचारा की गठ्ठा आल्यावर ते स्वतः कुठल्या बिलांवर वाटून टाकतात. काहीतरी पद्धत असणारच, बहुतेक जुन्यात जुनं बिल आधी.

रेवती_केगाव

विचारलं. "ज्या बिलाचे पैसे अजून आले नाहीत, त्याच्यावर," म्हणाले.